भिंतीवरच्या बैलाला आवतण

वैजयंतीला म्हशीनं नाव मिळवून दिलं आणि बैलानं तिचं घर राखलं, असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं, सिंधूबाई नेहमीसारख्या तिरकस बोलताहेत. मी तिरकस बोलते हे खरं आहे. पण हे बोलणं सरळ आहे. जे घडलं त्यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उरलेलं निम्मं ज्यांनी पाहिलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती. त्यातल्या एकाजवळ तर खोटं बोलायला लागते तेवढी कल्पनाशक्तीही नव्हती.

आम्ही भोपाळला पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरात. माझे यजमान श्रीकांत कारखान्यात चार्जमन. सासूबाई, म्हणजे मनोरमाबाई, यवतमाळकडच्या. जन्म शेतावर गेलेला आणि म्हातारपणी सिमेंटचं अंगण नशिबी आलेलं. भिंतीला भिंत लागून वैजयंतीचं क्वार्टर होतं. त्या काळी नर्सबाया होस्टेलात राहत, शिक्षिका दोघी-तिघी मिळून राहत, पण दारावर एकट्या बाईच्या नावाची पाटी आमच्या अख्ख्या सेक्टरात तेवढी एकच. ती ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनियरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे मेणचट निळसर कापडावर शाईनं गिरवायचे, दिवसभर, रेघेवर रेघ. आणि संध्याकाळी घरी येऊन जनावरं रंगवायची.

जनावरं म्हणजे हरीण-मोर नव्हेत. टांग्याची घोडी, वखारीतली गाढवं, तळ्यात बसलेल्या म्हशी. कातड्याखाली काय असतं हे कळल्याशिवाय कातडं काढता येत नाही म्हणून ती खाटिकखान्यात जाऊन बसायची. तिथं साडी कुठवर सावरणार, म्हणून तिनं शिंप्याकडून खाकी पँट शिवून घेतली आणि सायकलवर टांग टाकली. आमच्या महिला मंडळात त्या पँटवर जेवढी चर्चा झाली तेवढी चीनच्या लढाईवरही झाली नव्हती. मग तिची एक म्हैस दिल्लीच्या प्रदर्शनात लागली. चित्राखाली नावाची नुसती आद्याक्षरं होती. पेपरात कुणीतरी लिहिलं की या गृहस्थांचा हात मोठा दमदार आहे. वैजयंती ते वाचून पोट धरधरून हसली आणि म्हणाली, "राहू दे बिचाऱ्याला तसंच."

मला तिचा हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? ती सकाळी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायची, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि इकडे माझी फोडणी करपायची.

आता बैलाचं. हे सगळं घडलं त्याच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात गोविंदपुऱ्याच्या उतारावर एक बैलगाडी उलटली. एका बैलाची एक कूस पार फाटली. गाडीवाल्यानं धडधाकट बैल सोडवून नेला आणि हा तिथंच एका बंद गोदामापाशी राहिला. फाटलेली बाजू त्यानं भिंतीला लावली, ती पुन्हा सोडली नाही. वैजयंती रोज ऑफिस सुटलं की त्याच्यासाठी चारा घेऊन जायची आणि समोर दगडावर बसून त्याला काढायची. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. मोठा बैल होता, पांढरा, खांद्यावर जुवानं पडलेली ओली जखम. तो आमच्याकडे बघायचा, चारा खायचा, पण अंगावरचा केस इकडचा तिकडे करायचा नाही.

"त्याची ती बाजू पाहिलीस तू?" मी विचारलं.

"नाही. त्याला दाखवायची नाहीये. आपण कशाला बघायची?"

एके दिवशी ती गेली तर बैल नव्हता. गोदामाच्या भिंतीवर त्याच्या उंचीचा एक डाग तेवढा होता.

त्यानंतर तिनं तो रंगवायला घेतला, अगदी होता तेवढा. कारखान्याची यंत्रं परदेशातून ज्या खोक्यांत येत त्यांच्या फळ्या मोडीत विकत मिळायच्या. त्या तिनं एकेक करून घरात नेल्या, आत सरस लावून सांधल्या, फटी लांबी भरून बुजवल्या आणि ते सगळं धूड बाहेरच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठोकलं. भिंत आणि फळ्या यांच्यात जेमतेम हात जाईल एवढी फट. चित्र उभं राहिलं ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आडवा उभा बैल, एकच बाजू दिसणारा. आणि डोळा तिनं रंगवलाच नव्हता. एका फळीला काळी गाठ होती, ती नेमकी डोळ्यावर येईल असा तिनं बैल बसवला होता. पुढं लाकूड वाळलं, गाठ निखळून पडली आणि तिथं भोक राहिलं. ती म्हणाली, "आता जास्त बरं दिसतंय." मला त्या खोलीत त्या भोकाकडे पाठ करून बसायला कधी आवडलं नाही. चहा प्यायला गेले की मी खुर्ची फिरवून घ्यायची.

"ट्रेसिंगमध्ये तुम्ही वस्तूच्या सगळ्या बाजू काढता ना," मी तिला एकदा म्हटलं. "मग याच्या पलीकडे काय आहे?"

"काही नाही," ती ब्रश पुसत म्हणाली. "जी बाजू मी पाहिली नाही ती याला नाही."

तिचा भाऊ प्रभाकर टी. टी. नगरला राहायचा. नागपूरची राजधानी गेली आणि सरकारी ऑफिसं भोपाळला आली, त्यांच्याबरोबर आलेला कारकून. आईवडील लवकर गेले, बहिणीला यानंच वाढवलं, शिकवलं, रंगांनाही यानंच पैसे दिले. माणूस वाईट नव्हता, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. त्याची बायको कांचन कंबरदुखीनं बेजार झाली, मुलं लहान, आणि बहीण तिकडे एकटी राहते म्हणून नातेवाईक त्याला टोचून बोलत. त्यानं एका रविवारी येऊन सांगून टाकलं, क्वार्टर सोड, घरी ये, नोकरीचं पुढं बघू. आणि वैजयंती, जी खाटिकखान्यात खाटकांना बाजूला सरा म्हणायची, ती खाली मान घालून बरं म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "तुला नाही म्हणता येत नाही?"

"दादापुढं तोंड उघडलं की 'बरं' एवढंच बाहेर पडतं." ती बैलासमोर उभी होती. "त्याला वाटतं, मी त्याच्या घरी सुखात होते. त्यात त्याची चूक नाही. सगळ्यांचं झालं की मी ओट्याला टेकून उभ्या उभ्या दोन घास खायची, तेव्हा तो वामकुक्षी करत असायचा. तिथं गेले ना सिंधू, की मी चित्र काढणार नाही. वेळेचं कारण नाही. तिथं मला हातच नसतात."

"आणि हा?" मी बैलाकडे बोट केलं.

"हा दारातून जात नाही. दादा म्हणतो, कापून नेऊ."

न्यायचा दिवस ठरला पोळ्याचा. का, तर त्या दिवशी प्रभाकरच्या ओळखीचा ट्रकवाला रिकामा होता. ऐकून सासूबाई पहिल्यांदा त्या प्रकरणात बोलल्या. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसतात. हा माणूस बहिणीला न्यायला निघाला." आणि पुन्हा वाती वळायला लागल्या.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू ओढलं ते हळद आणि लोण्यानं शेकायचे, चोळायचे, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीचं आवतण द्यायचं. आमच्या कॉलनीत कुठला बैल? सासूबाई दरवर्षी मातीची जोडी मांडून तिच्या इवल्याशा खांद्यांना बोट लावायच्या आणि दिवसभर गप्प गप्प असायच्या. त्या वर्षी त्यांनी वाटीत लोणी आणि हळद कालवली, पळसाची पानं घेतली आणि मला म्हणाल्या, "चाल, वैजयंतीकडे."

"आई, ते चित्र आहे."

"मले दिसते ना."

आम्ही गेलो तेव्हा प्रभाकर आलेला होता आणि त्यानं सुतारही आणला होता. खोलीत ट्रंका बांधून पडल्या होत्या. सुतारानं फळ्यांवर हात फिरवला आणि विचारलं, "कहाँ से काटूँ, साहब?" प्रभाकर म्हणाला, "बीच में से." सुतारानं निळीत बुडवलेला दोरा बैलाच्या पोटावर ताणून धरला आणि टिचकीसारखा सोडला. बैलाच्या पाठीपासून खुरांपर्यंत एक निळी सरळ रेघ उमटली. वैजयंती खिडकीपाशी उभी होती. तिनं एकदा स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला.

सासूबाईंना त्या मंडळींशी काही देणंघेणं नव्हतं. त्या पदर खोचून स्टुलावर चढल्या आणि पळसाच्या पानानं त्या रंगवलेल्या खांद्यावर, त्या ओल्या लाल जखमेवर, हळद-लोणी चोळायला लागल्या. तोंडानं पुटपुटत होत्या, "दुखलं का रे बाप्पा, दुखलं का." मला लाज वाटली, आणि लगेच रडू आलं. वैजयंतीचं वर्षाचं काम त्या लोण्यात बरबटत होतं, पण ती त्यांना थांबवेना.

प्रभाकरला मात्र गंमत वाटली. "वा मनोरमाबाई! आता आवतणही द्या की." आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत तोच हात जोडून बैलापुढं वाकला. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. माझ्याकडे या बरं का, टी. टी. नगरला. इथं काय मिळणार? एकट्या बाईचं घर, ताटही एकच."

सासूबाई स्टुलावरून उतरल्या. "प्रभाकरराव, आवतण थट्टेत देत नसतात. ज्यानं देल्लं त्याले जेवू घालाव लागते."

"घालीन की." तो अजून हसतच होता. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, जरा आवाज चढवून म्हणाला, "हे बघा, उद्या हा माझ्या दारी येऊन जेवून गेला, तर वैजूला न्यायचं पुन्हा नाव काढणार नाही. मग तर झालं?"

"दादा," वैजयंती म्हणाली. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदाच बोलली. "हे तू त्याच्यासमोर बोललास."

"बरं, त्याच्यासमोर." त्यानं बैलाच्या नाकावर थोपटल्यासारखं केलं. मग हात खिशातल्या रुमालाला पुसला. पुसून पुन्हा बोटांकडे बघितलं आणि पुन्हा पुसला. रंग ओला असेल, असं मला त्या वेळी वाटलं. नाक तर तिनं होळीच्या आधीच संपवलं होतं.

पोळ्याच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. श्रीकांत कामावर गेले. सासूबाईंनी मातीच्या जोडीला नैवेद्य दाखवला आणि मला वैजयंतीचं ताट घेऊन पाठवलं. प्रभाकर ट्रक घेऊन सकाळीच येणार होता. दुपार झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. मी ताट झाकून घेऊन तिच्या दारात आले आणि तिथंच थबकले. त्या खोलीत नेहमी टर्पेंटाइनचा वास असायचा. त्या दिवशी गोठ्याचा येत होता.

फळ्या जागेवर होत्या. गोदामाची भिंत, पावसानं झालेला चिखल, बाजूचा उकिरडा, सगळं तिनं रंगवलं होतं तसंच होतं. मध्ये बैल नव्हता. खरवडलेला नव्हता, पुसलेलाही नव्हता. बैलाच्या आकाराचं कोरं लाकूड होतं, आणि त्यावर परदेशी कंपनीची काळी छापील अक्षरं, जी तिनं वर्षापूर्वी रंगाखाली बुजवली होती. सुताराची निळी रेघही नव्हती. बैलाबरोबर तीही गेली होती.

वैजयंती जमिनीवर पाट मांडून बसली होती, फळ्यांकडे पाठ करून.

"जेवायला गेलाय," ती म्हणाली.

 मी ताट तिच्या पाटापुढं ठेवलं.

"आवतण होतं ना त्याला. ये, बस. मला सपाटून भूक लागलीय गं."

मी तिच्यासमोर बसले, फळ्या मला दिसतील अशी. तिला वाढलं, थोडं माझ्यासाठी वेगळ्या पानावर घेतलं. ती जेवायला लागली. आता हे सांगायलाच हवं, ती कशी जेवली ते. तिनं पुरणपोळीवर तुपाची धार धरली, पोळी मोडली, तूप मनगटावर ओघळलं ते चाटलं. आमटीचा भुरका मारला. माझ्या पानातला भज्याचा मोठा तुकडा न विचारता उचलला. केसांत ब्रश खोचलेला, मांडी ऐसपैस घातलेली. मध्येच तोंडात घास असताना ती एकटीच कशाला तरी हसली. मी बायकांना वाढताना पाहिलं होतं, उपास करताना पाहिलं होतं. बाईला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं, आणि मी स्वतः कधी जेवले नव्हते.

मग माझी नजर वर गेली.

गाठीच्या भोकात डोळा होता. बैलाचा नव्हता. माणसाचा होता, पांढऱ्यात लाल शिरा आलेला, वयस्कर. फळ्यांच्या मागं भिंत होती आणि मध्ये हात जाईल एवढी फट, तिथं माणूस कुठून मावणार? डोळा मिटला आणि उघडला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो वैजयंतीला बघत होता, तिच्या पाठीमागून, तिच्या खांद्यावरून, तिच्या ताटात. मी ओरडणार होते. पण त्या बघण्यात असं काहीतरी होतं की माझा आवाज आतच राहिला. तो डोळा भरत गेला, काठोकाठ, आणि त्यातून पाण्याची एक धार कोऱ्या लाकडावरून खाली उतरली.

"काय झालं?" वैजयंतीनं विचारलं.

"काही नाही. आणखी पोळी घे."

मी ताटात बघत राहिले. पुन्हा धीर करून वर पाहिलं तेव्हा भोक काळं होतं.

ती हात धुवायला मागच्या नळावर गेली, मी खरकटं घेऊन तिच्या मागं गेले. तिथं एकटी त्या खोलीत मी थांबणार नव्हते. परत आलो तर बैल होता. आडवा, एक बाजू आमच्याकडे, जसा होता तसा. पोटावर निळी रेघ. सासूबाईंची हळद खांद्यावर सुकली होती आणि तिच्याखालची ओली लाल जखम आता खपली धरून काळी पडली होती. तोंडाच्या कडेला पिवळं काहीतरी लागलं होतं. वैजयंतीनं जवळ जाऊन बोटानं टिपलं, वास घेतला.

"जायफळ," ती म्हणाली. "कांचनवहिनी पुरणात जायफळ घालते. तुम्ही वेलदोडा घालता."

ट्रक आला नाही. प्रभाकरही आला नाही. दुसऱ्या दिवशी कांचन आली, एकटी, बस बदलत, कंबर धरून. ती एकटी घराबाहेर पडल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आल्या आल्या ती बाहेरच्या खोलीत गेली, बैलासमोर उभी राहिली आणि निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हाच," ती म्हणाली आणि ट्रंकेवर बसली.

ट्रकवाला उशिरा आला, दुपारी हे निघायला गेले, ती सांगू लागली, तर दार उघडताच समोर बैल. आडवा, दार अडवून. हट हट केलं, काठी मारली. काठी लाकडावर मारल्यासारखी वाजली, बैल हलला नाही. "यांनी मला हाक मारली. मी बघितलं तर खांद्याला हळद लावलेली. म्हटलं, कुणाच्या तरी घरचा पोळ्याचा बैल सुटून आलाय, उपाशी कसा पाठवू? यांनी आदल्या रात्री हसत हसत सगळं सांगितलं होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. मी पानात पोळी वाढून त्याच्या तोंडापुढं धरली. त्यानं शांतपणे खाल्ली. आणि मग मला ती निळी रेघ दिसली. मी यांच्याकडे बघितलं. यांनाही दिसली होती."

"मग?"

"मग हे चिडले. म्हणाले, मागच्या दारानं जातो आणि गल्लीच्या बाजूनं त्याला ढकलतो. गेले. मी दारात दुसरी पोळी धरून उभी. बैल अगदी गप्प उभा होता, बराच वेळ. पलीकडून यांचा आवाज नाही, काही नाही. मग बैल निघाला. वैजू, तो पुढं गेला नाही. मागं गेला. पाठ फिरवली नाही, तोंड फिरवलं नाही, हीच बाजू आमच्याकडे धरून मागं मागं सरकत गेला, दाराच्या चौकटीच्या बाहेर. मी डोकावले तर ओटा रिकामा. गल्लीत हे एकटे उभे. कपाळाला लाकडाचा भुसा लागलेला."

"दादा काय म्हणाला?"

"काही नाही. ट्रकवाल्याला परत पाठवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तुला न्यायचं नाही म्हणाले, एवढंच. संध्याकाळी समोरच्या शर्माबाईंनी मला विचारलं, भाभी, आपके दरवाज़े पर दोपहर को वो पेटी के तख्ते किसने टिका दिए थे? भाईसाहब उनमें आँख लगाकर क्या देख रहे थे?" कांचननं पदरानं तोंड पुसलं. "वैजू, त्या बैलाच्या दुसऱ्या बाजूला काय आहे गं?"

"मला माहीत नाही, वहिनी," वैजयंती म्हणाली. "मी ती काढलीच नाही."

मला माहीत होतं. पण मी चहा टाकायला उठले.

कांचन त्या दिवशी तिथंच जेवली. वैजयंतीनं तिला बसवून वाढलं. जाताना कांचननं बैलाला नमस्कार केला आणि बस पकडायला निघाली. तिच्या कमरेसाठी पुढं प्रभाकरनं घरात एक कामवाली ठेवली, जी आधीही ठेवता आली असती, पण ते जाऊ द्या.

प्रभाकर भाऊबीजेला आला. तोवर त्यानं तोंड दाखवलं नव्हतं. वैजयंतीनं मलाही बोलावलं होतं, कारण तिला त्याच्यासमोर एकटीनं बसायची भीती वाटत होती. तो आला, बाहेरच्या खोलीत चपला काढल्या आणि बैलाकडे न बघता पाटावर बसला. तिनं ओवाळलं. त्यानं ओवाळणी घातली. ती ताट वाढायला आत गेली तेव्हा तो हळू आवाजात माझ्याशी बोलला. माझ्याशी का, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित मी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी रागानं त्याच्याकडे बघितलं होतं म्हणून असेल.

"पलीकडे लाकूड होतं," तो म्हणाला. "फळ्या, खिळे. डोळ्याच्या जागी भोक. मी डोळा लावला. वाटलं, आमचं घर दिसेल, कांचन पोळी धरून उभी असलेली दिसेल." तो थांबला. "ही खोली दिसली. वैजू जेवत होती."

मी निरांजनाची वात पुढं सारली.

"माझ्या घरात वाढली ती. चिमणीएवढी होती तेव्हापासून. मी तिला ताटं वाढताना पाहिलं, भांडी घासताना पाहिलं, अभ्यास करताना पाहिलं. ती जेवते कशी, हे मला ठाऊकच नव्हतं. मी कधी पाहिलंच नव्हतं हो." त्यानं खिशातून रुमाल काढला. "मला वाटायचं, एकटी आहे, तिचं कसं होत असेल."

वैजयंती ताट घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर ठेवायला वाकली. प्रभाकर पाटावरून उठला. त्यानं तिच्या हातातलं ताट घेतलं, तिला खांद्याला धरून स्वतःच्या पाटावर बसवलं आणि ताट तिच्यापुढं ठेवलं.

"आधी तू," तो म्हणाला. "मी वाढतो."

"दादा, आज भाऊबीज आहे. भावानं आधी जेवायचं असतं."

"माहीत आहे मला. जेव."

तो आत गेला आणि बासुंदीचं पातेलं घेऊन आला. त्याला वाढता येत नव्हतं. वाटी भरून ताटात सांडली. तरी तो डाव घेऊन तिच्यासमोर उभा राहिला, ती जेवून उठेपर्यंत, आणि मग तिथंच बैलाकडे तोंड करून स्वतः जेवायला बसला.

वैजयंती त्या क्वार्टरात निवृत्त होईपर्यंत राहिली. बैल दारातून जाणार नव्हता, म्हणून बघायचं असेल तर लोकांनाच तिच्या दारी यावं लागायचं. दिल्लीहून येत, मुंबईहून येत. सगळे खांद्यावरच्या खपलीचं कौतुक करत आणि त्याहून जास्त डोळ्याखालच्या पाण्याचं. एवढं जिवंत पाणी कसं काढलं, कुठला रंग वापरला, असं विचारत. वैजयंती म्हणायची, ते मी काढलेलं नाही. त्यांना तो विनय वाटायचा. ती लाकडात मुरलेली धार होती. प्रभाकर आला की आधी रुमाल काढून ती पुसून बघायचा. ती निघाली नाही. मग हात धुऊन तो बहिणीला वाढायला घ्यायचा.